दोनशे तीस तारांचा हिशेब : व्हर्न एडक्विस्ट आणि पियानो जुळवण्याची विद्या

ट्यूनर कोण?

तंबोरा, सतार, सारंगी किंवा व्हायोलिन ही वाद्ये वाजवणाराच सुरात लावतो. मैफलीआधी तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत बसलेला गायक हे दृश्य महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. पियानोचे तसे नाही. पियानोवादक आयुष्यभर वाजवतो, पण स्वतःचे वाद्य स्वतः जुळवणारे फार थोडे. तारांची संख्या, त्यांवरील प्रचंड ताण आणि जुळवणीमागचे गणित यांमुळे हे काम पूर्वीपासून वेगळ्या कारागिराकडे गेले. या कारागिराला ट्यूनर म्हणतात. तो कार्यक्रमाआधी येतो, दीड-दोन तास काम करतो आणि श्रोते सभागृहात शिरण्यापूर्वी निघून जातो.

व्हर्न एडक्विस्ट (१९३१–२०२०) हे असे एक ट्यूनर. कॅनडातील टोराँटो शहरात ग्लेन गूल्ड या विख्यात पियानोवादकाचे वाद्य त्यांनी अनेक वर्षे जुळवले. जन्मतःच मोतीबिंदू असल्याने त्यांना फारच कमी दिसत असे. त्यांच्यावर आणि त्या वाद्यावर केटी हॅफनर यांनी २००८ साली एक पुस्तक लिहिले. ट्यूनर हा त्या पुस्तकाचा एक नायक असावा, ही या व्यवसायाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट आहे. एडक्विस्ट यांचे मोठेपण कळण्यासाठी मात्र आधी त्यांचे काम कळायला हवे.

वाद्याची रचना

पियानोला ८८ पट्ट्या असतात. तारा मात्र सुमारे २३० असतात. सर्वांत खालच्या खर्जातील सुरांना प्रत्येकी एक जाड तार, त्यावरच्या सुरांना दोन आणि मध्य व तार सप्तकांतील प्रत्येक सुराला तीन तारा, अशी विभागणी असते. पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली लहान हातोडी त्या सुराच्या सर्व तारांवर एकदम आपटते आणि लगेच मागे सरते. हातोडी तारेला चिकटून राहिली, तर आवाज जागीच मरेल. ती सुटून मागे यावी ही युक्ती फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास साधली आणि तिथेच पियानोचा जन्म झाला.

एकेका तारेवर साधारण ७० ते ९० किलो वजनाइतका ताण असतो. सगळ्या तारांचा मिळून तो अठरा-वीस टनांच्या घरात जातो. हा भार ओतीव लोखंडाची चौकट पेलते. तारेचे एक टोक चौकटीला अडकवलेले असते आणि दुसरे पोलादी खुंटीभोवती गुंडाळलेले असते. या खुंट्या कठीण लाकडाच्या थरांपासून बनवलेल्या जाड फळीत ठोकलेल्या असतात. त्यांना पेच किंवा कुलूप असे काहीही नसते. लाकूड आणि पोलाद यांच्यातील घर्षण एवढाच त्यांचा आधार असतो. तो ढिला पडला की पियानो सुरात राहत नाही.

विस्पंद : ट्यूनरचे मोजमाप

दोन तारा जवळजवळ एकाच सुरात वाजल्या की आवाज एकसारखा न येता लहान-मोठा होत लहरतो. या लहरींना विस्पंद म्हणतात. एक तार सेकंदाला ४४० कंपने आणि दुसरी ४४१ कंपने करत असेल, तर सेकंदाला एक विस्पंद ऐकू येतो. फरक कमी होत गेला की लहर संथ होते आणि तारा पूर्ण मिळाल्या की ती थांबते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना हाच अनुभव येतो. वादक त्याला विस्पंद म्हणत नाही. आवाज हलायचा थांबला, तारा ‘मिळाल्या’, असे म्हणतो.

पंचम किंवा गंधार यांसारख्या वेगळ्या सुरांच्या जोडीतही विस्पंद ऐकू येतात. कारण प्रत्येक तार आपल्या मूळ सुराबरोबर वरचे अनेक सूर सूक्ष्म रूपात देत असते. उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा त्यांपैकीच एक. पियानोवर दोन सूर एकत्र वाजवले की त्यांच्या स्वयंभू सुरांपैकी जे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, त्यांच्यात लहर उठते. सामान्य श्रोत्याला ती वेगळी जाणवत नाही. ट्यूनर मात्र बाकीचा सगळा आवाज बाजूला सारून तेवढीच लहर ऐकतो आणि तिचा वेग मोजतो. या व्यवसायाचे शिक्षण म्हणजे मुख्यतः हे ऐकायला शिकणे होय.

बारा पंचमांचा पेच

निसर्गशुद्ध पंचम हा षड्जाच्या दीडपट वारंवारतेचा असतो. एका सुरापासून निघून पंचमाचा पंचम, त्याचा पंचम, असे बारा वेळा वर गेले की सगळ्या बारा स्वरांना भेट देऊन पुन्हा मूळ स्वरावर, सात सप्तके वर, पोचायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. दीडला दीडने बारा वेळा गुणल्यावर १२९.७५ येतात, तर दोनचा सातवा घात १२८ आहे. हा फरक लहान असला तरी कानाला स्पष्ट बोचतो. सप्तकाचे १२०० समान भाग केले, तर त्यांतील एका भागाला सेंट म्हणतात. हे माप इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केले. या मापाने वरचा फरक सुमारे साडेतेवीस सेंट भरतो.

गंधाराची अडचण उलट्या बाजूची आहे. शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट असतो. तीन गंधार एकावर एक रचले की पुढच्या षड्जावर, म्हणजे दुपटीवर, पोचावे अशी अपेक्षा असते. हाती येतात १.९५. पंचम शुद्ध ठेवले तर गंधार बिघडतात आणि गंधार शुद्ध ठेवले तर पंचम बिघडतात. बारा स्थिर पट्ट्यांचे कोणतेही वाद्य सर्व सुरांत शुद्ध असूच शकत नाही. ही कारागिराची उणीव नाही. अंकांचाच तो स्वभाव आहे.

चूक वाटून देण्याची कला

म्हणून ट्यूनर चूक नाहीशी करत नाही, ती वाटून देतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत साडेतेवीस सेंटांचा फरक बारा पंचमांत सारखा वाटला जातो. प्रत्येक पंचम सुमारे दोन सेंटांनी आखूड होतो आणि ते कानाला सहज खपते. गंधार मात्र जवळपास चौदा सेंट चढा राहतो. पाश्चात्त्य संगीताने हा चढा गंधार स्वीकारला आणि त्या बदल्यात कोणत्याही पट्टीतून कोणत्याही पट्टीत जाण्याची मुभा मिळवली.

प्रत्यक्ष काम मध्य सप्तकापासून सुरू होते. तीन तारांच्या प्रत्येक गटातील कडेच्या दोन तारा नमद्याची लांब पट्टी खोचून मुक्या केल्या जातात, म्हणजे प्रत्येक सुराची एकच तार बोलते. स्वरकाट्यावरून ४४० हर्ट्झचा सूर घेतला जातो. त्यावरून मधल्या एका सप्तकातील बारा सूर एकमेकांशी ताडून बसवले जातात. यात कसोटी लागते ती लहरींच्या वेगाची. १७४.६ आणि २२० हर्ट्झ या दोन सुरांमधील गंधारात सेकंदाला जवळजवळ सात विस्पंद यायला हवेत. अर्धा स्वर वर सरकल्यावर ते किंचित वाढून सव्वासातच्या पुढे जातात आणि प्रत्येक पायरीवर असेच वाढत राहतात. पंचमांची लहर त्याहून कितीतरी संथ असते. २२० हर्ट्झपासूनच्या पंचमात चार सेकंदांत सुमारे तीन विस्पंद पडतात. गंधारांची ओळ खालून वर वाजवताना लहरींचा वेग कुठेही न अडखळता वाढत गेला, तर वाटणी बरोबर झाली. मध्येच एखादी लहर मंदावली, तर कुणाच्या तरी वाट्याला जास्त चूक गेली आहे असे समजून ट्यूनर मागे जातो.

मराठी संगीताशी नाते

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. हार्मोनियम ही पियानोसारखीच बारा स्थिर सुरांची पेटी. तिचे सूर पाश्चात्त्य वाटणीने बांधलेले, तर गायकाचा गळा तंबोऱ्यातील शुद्ध गंधाराकडे ओढणारा. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि श्रुती-हार्मोनियमचा प्रयत्न केला, तो याच तिढ्यातून. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले, त्यामागेही सुरांच्या या तक्रारीचा वाटा होता. अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. पेटी जुळवणारा कारागीर पितळी पाती खरवडून सूर चढवतो-उतरवतो. टोकाकडे खरवडले की सूर चढतो, मुळाकडे खरवडले की उतरतो. साधन वेगळे असले तरी त्याच्या आणि पियानो-ट्यूनरच्या कानापुढचा हिशेब एकच आहे.

ताणलेली सप्तके

मधले सप्तक बसल्यावर त्यावरून वरची आणि खालची सप्तके लावली जातात. गणिताने सप्तक म्हणजे दुप्पट वारंवारता. पियानोची तार मात्र आदर्श तार नसते. ती जाड आणि ताठ असते, त्यामुळे तिचे स्वयंभू सूर अपेक्षेपेक्षा थोडे चढे येतात. खालच्या सुराच्या या चढ्या स्वयंभूशी वरचा सूर मिळवायचा, तर तो नेमक्या दुपटीपेक्षा किंचित वर ठेवावा लागतो. परिणामी पियानोची वरची टोके चढी आणि खालची टोके उतरलेली असतात. अमेरिकेत रेल्सबॅक यांनी १९३० च्या दशकात ट्यूनरांनी लावलेले पियानो मोजून हा वक्र मांडला. मोजणाऱ्यांच्या कितीतरी आधीपासून ट्यूनर केवळ कानाने हे करत आले होते.

सप्तकांचा हा ताण प्रत्येक वाद्यात वेगळा असतो. लांब पियानोत तारा लांब असल्याने तो कमी, घरगुती उभ्या पियानोत जास्त. त्यामुळे एका वाद्यावरचे आकडे दुसऱ्यावर जसेच्या तसे चालत नाहीत. दर वेळी समोरचे वाद्य ऐकूनच निर्णय घ्यावा लागतो.

खुंटी बसवणे

ट्यूनरचे मुख्य हत्यार ट्यूनिंग हॅमर. नाव हातोडीचे, काम पान्याचे. त्याचे तोंड खुंटीच्या चौकोनी डोक्यावर बसते आणि दांडा हळूच ओढला की खुंटी फिरते. खुंटी सुमारे सात मिलिमीटर जाडीची असते. ती एका अंशाने फिरली तरी मधल्या सप्तकातील सूर पंधरा-वीस सेंट सरकतो. ट्यूनरला हवा असतो एक-दोन सेंटांचा बदल, म्हणजे अंशाचा दहावा भाग. हा बदल डोळ्यांना दिसत नाही. तो मनगटाला आणि कानाला कळतो.

अडचण एवढ्यावर संपत नाही. दांडा ओढताना खुंटीचे वरचे टोक आधी पिळते, लाकडातील भाग मागे राहतो. सूर लागलेला ऐकू येतो, पण दांडा सोडल्यावर खुंटी उलगडते आणि सूर उतरतो. शिवाय तार वाटेत ज्या आधारांवरून जाते, तिथल्या घर्षणामुळे तिच्या वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळा ताण अडकून राहतो. यासाठी कसलेला ट्यूनर सूर अगदी थोडा वर नेतो, पट्टीवर जोराने प्रहार करून तारेतील ताण सारखा होऊ देतो आणि मग खुंटी जिथे कायमची टिकेल तिथे अलगद मागे आणून बसवतो. जुळवलेला सूर आणि टिकणारा सूर यांत एवढे अंतर असते. नवशिक्याला पहिला काही महिन्यांत साधतो. दुसऱ्याला वर्षे जातात.

तीन तारांचा एक सूर

शेवटी नमद्याची पट्टी एकेक घडी काढली जाते आणि प्रत्येक सुराच्या कडेच्या तारा मधल्या तारेशी मिळवल्या जातात. याला एकसूर म्हणता येईल. वरवर पाहता हा सर्वांत सोपा भाग वाटतो. प्रत्यक्षात वाद्याचा आवाज गोड की कोरडा हे इथेच ठरते. भौतिकशास्त्रज्ञ गेब्रिएल वाइनराइक यांनी १९७७ साली दाखवून दिले की, तीन तारा खालच्या लाकडी ध्वनिफलकाद्वारे एकमेकींशी बांधलेल्या असतात आणि त्यांच्यातील अत्यल्प फरकामुळे सुराची आस लांबते किंवा आखूड होते. म्हणजे तीन तारा मिळवताना ट्यूनर सुराची उंची ठरवतोच, शिवाय तो किती वेळ गात राहील हेही ठरवतो. एकाच पियानोवर दोन चांगले ट्यूनर वेगळा आवाज काढतात, त्याचे कारण बहुधा या ठिकाणी सापडते.

अंध ट्यूनरांची परंपरा

पॅरिसच्या अंधशाळेत क्लोद मोंताल (१८००–१८६५) नावाचा विद्यार्थी होता. लुई ब्रेल याच शाळेत शिकले आणि त्याच काळात. मोंताल यांनी पियानो हाताने चाचपून त्याची रचना समजून घेतली आणि जुळवणी आत्मसात केली. अंध माणूस नाजूक यंत्राला हात लावणार, ही कल्पना तेव्हा लोकांना पटत नव्हती. मोंताल यांनी पॅरिसमध्ये यशस्वी व्यवसाय केला, १८३६ साली पियानो जुळवण्यावर ग्रंथ लिहिला आणि पुढे स्वतः पियानोही बनवले. त्यांच्यामुळे अंधशाळांत हा विषय शिकवला जाऊ लागला. लंडनमध्ये १८७२ साली निघालेल्या अंधांच्या महाविद्यालयानेही संगीत आणि पियानो-जुळवणी यांना महत्त्वाचे स्थान दिले.

अंधांचा कान जन्मतः तीक्ष्ण असतो, असा समज रूढ आहे. ट्यूनरांच्या बाबतीत तो अपुरा आहे. विस्पंद ऐकणे ही शिकून आणि हजारो तास घासून येणारी गोष्ट आहे. अंध विद्यार्थ्यांना या शाळांत तेवढे तास, तेवढी वाद्ये आणि तेवढे जाणते शिक्षक मिळाले. ज्या काळात त्यांच्यासाठी इतर बहुतेक व्यवसायांची दारे बंद होती, त्या काळात या विद्येने त्यांना सन्मानाची भाकरी दिली.

ब्रँटफर्ड ते टोराँटो

एडक्विस्ट याच परंपरेतले. त्यांचा जन्म सॅस्कॅचेवानच्या विस्तीर्ण गवताळ मुलखात झाला. दृष्टी अधू असल्याने लहानपणीच त्यांना घरापासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ओंटारिओतील ब्रँटफर्डच्या अंधशाळेत धाडण्यात आले. तिथे ते पियानो जुळवायला शिकले. सूर त्यांना रंगांच्या रूपातही जाणवत. एकेका सुराला त्यांच्या मनात ठरावीक रंग होता. ही जाणीव काही थोड्या माणसांत जन्मतःच आढळते. जुळवणीची विद्या मात्र त्यांनी कष्टाने मिळवली.

शाळेनंतर त्यांनी पियानोच्या कारखान्यातील काम केले. नव्या पियानोला तारा चढवल्यावर त्यात अजून पट्ट्या आणि हातोड्या बसवलेल्या नसतात. तेव्हा ट्यूनर लाकडाच्या चपट्या तुकड्याने तारा छेडून त्यांना पहिल्यांदा सुराजवळ आणतो. नवी तार ताण घेताना सतत लांबत राहते, त्यामुळे शेवटच्या तारेपर्यंत पोचेतो पहिली उतरलेली असते. सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. हे काम कंटाळवाणे असते, कानाला थकवणारे असते. पण लाकूड, खुंटी आणि तार यांचे नाते हाताला शिकवणारे त्यासारखे दुसरे काम नाही.

पुढे ते टोराँटोतील ईटन या मोठ्या दुकानाच्या पियानो-विभागात लागले. तिथून त्यांना गूल्ड यांच्या घरी एक जुना पियानो जुळवायला पाठवण्यात आले. त्या वाद्याच्या खुंट्या ढिल्या पडल्या होत्या. एडक्विस्ट यांनी ते जुळवण्यास चक्क नकार दिला, कारण लावलेला सूर टिकणार नव्हता. प्रसिद्ध वादकाच्या घरी पहिल्याच भेटीत असे सांगणे सोपे नव्हते. गूल्ड यांना त्यांचा सडेतोडपणा आवडला.

सीडी ३१८

स्टाइनवे कंपनी मैफलींसाठी राखून ठेवलेल्या मोठ्या पियानोंना क्रमांक देत असे. सीडी ३१८ हा तसाच एक, १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कारखान्यात बनलेला, पावणेतीन मीटर लांबीचा पियानो. तो ईटनकडे होता आणि १९६० च्या सुमारास गूल्ड यांच्या नजरेस पडला. गूल्ड यांची वादनशैली वेगळी होती. ते अतिशय खाली बसून, बोटांच्या टोकांनी, प्रत्येक सूर सुटा ऐकू येईल असे वाजवत. संगीतकार बाखच्या रचनांतील दोन-तीन स्वतंत्र स्वरधारा वेगवेगळ्या ऐकू याव्यात, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांना पट्टी हलकी हवी होती, लगेच बोलणारी आणि लगेच गप्प होणारी.

हे नुसत्या जुळवणीने होत नाही. ट्यूनरच्या कामाला आणखी दोन अंगे असतात. एक म्हणजे यांत्रिक बसवणी. पट्टी किती खोल जावी, हातोडी तारेपासून किती अंतरावर सुटावी, दाबाला किती प्रतिकार व्हावा, हे मिलिमीटरच्या अंशांनी ठरवावे लागते. दुसरे म्हणजे स्वरगुणाची घडण. हातोडीवरील लोकरीच्या नमद्याला सुया टोचून तो मऊ करता येतो, घासून कडक करता येतो. मऊ नमदा गोल आवाज देतो, कडक नमदा टोकदार. एडक्विस्ट यांनी वर्षानुवर्षे ही तिन्ही अंगे सांभाळून सीडी ३१८ हा पियानो गूल्ड यांच्या बोटांजवळ आणला.

१९७१ साली वाहतुकीत हा पियानो पडला आणि त्याच्या लोखंडी चौकटीला तडे गेले. कारखान्यात त्याची मोठी दुरुस्ती झाली, नवी चौकट बसली. परत आलेले वाद्य पूर्वीसारखे राहिले नव्हते. गूल्ड यांनी तरीही ते विकत घेतले आणि एडक्विस्ट ते पुन्हा मूळ स्वभावाकडे नेण्यासाठी झटत राहिले. ज्या वाद्याची सर्व बलस्थाने आपल्या हाताला ठाऊक आहेत, ते असे मोडून परत यावे, यासारखे दुःख ट्यूनरच्या वाट्याला क्वचित येत असेल.

ईटन सभागृहातील रात्री

गूल्ड यांनी १९६४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि ध्वनिमुद्रणालाच वाहून घेतले. १९७० च्या दशकात त्यांचे बहुतेक मुद्रण टोराँटोच्या ईटन सभागृहात होई. हे सभागृह दुकानाच्या सातव्या मजल्यावर होते. काम रात्री चाले. एडक्विस्ट आधी येऊन पियानो जुळवत आणि मग मुद्रण संपेपर्यंत तिथेच थांबत.

मैफलीचा ट्यूनर आणि ध्वनिमुद्रणाचा ट्यूनर यांच्या कामांत फरक आहे. मैफलीत एखादी तार किंचित उतरली, तर तो सूर हवेत विरून जातो. मुद्रणात तीच उतरलेली तार कायमची राहते. शिवाय गूल्ड एकच भाग अनेकदा वाजवून त्यांतील उत्तम तुकडे जोडत. रात्री नऊचा तुकडा आणि पहाटे दोनचा तुकडा एकमेकांशी जुळायचे, तर मधल्या पाच तासांत पियानो तसूभरही सरकता कामा नये. म्हणून दोन वादनांच्या मध्ये एडक्विस्ट पुढे होत, एखाद-दुसरी तार तपासत, खुंटीला अगदी हलका हात लावत आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसत. बाखच्या ‘इंग्लिश स्वीट्स’ या रचना या काळात याच सभागृहात मुद्रित झाल्या.

हवा आणि लाकूड

ट्यूनरचे काम टिकाऊ नसते, याला मुख्य कारण हवा. तारांखालचा ध्वनिफलक पातळ लाकडाचा असतो. हवेत दमटपणा वाढला की तो फुगतो, तारांना वर ढकलतो आणि सूर चढतात. हवा कोरडी झाली की उलटे होते. कॅनडाच्या हिवाळ्यात बंद खोल्या तापवल्याने हवा अतिशय कोरडी होते आणि पियानो उतरतात. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात ते चढतात. शिवाय नमदा ओलसर होतो, पट्ट्या अडकतात, तारांना गंज चढतो. दमट प्रदेशांत पियानोच्या आत मंद उष्णता देणारी कांडी किंवा छोटा दिवा ठेवण्याची पद्धत याच कारणाने पडली. सगळे सूर सारख्या प्रमाणात सरकत नाहीत, मधली सप्तके अधिक सरकतात. त्यामुळे काळजीपूर्वक केलेली वाटणी ऋतू पालटताच विस्कटते आणि ट्यूनरला पुन्हा बोलवावे लागते.

यंत्र आणि कान

१९३० च्या दशकात स्ट्रोबोकॉन नावाचे सूर मोजण्याचे यंत्र निघाले. आज फोनमधील अॅपही विशिष्ट पियानोच्या तारांचे मोजमाप घेऊन त्याच्यासाठी ताणलेल्या सप्तकांचा आराखडा काढून देते. गोंगाटाच्या जागी, खूप उतरलेला पियानो वर आणताना किंवा अनेक वाद्ये एकाच दिवशी जुळवताना या साधनांचा मोठा उपयोग होतो. अनेक उत्तम ट्यूनर ती वापरतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

मर्यादा दोन ठिकाणी जाणवते. सूर कुठे असावा हे यंत्र सांगते, पण खुंटी तिथे टिकवण्याचे काम हातालाच करावे लागते. आणि तीन तारा मिळवताना सुराची आस किती लांब, किती उजळ हवी, हा निर्णय आकड्यांवर सोपवता येत नाही. तो वादक, सभागृह आणि रचना यांवर अवलंबून असतो. एडक्विस्ट यांच्यासारख्यांचे श्रेष्ठत्व या दुसऱ्या ठिकाणी होते. समोरचा वादक काय ऐकू पाहतो आहे हे ओळखून त्यांनी वाद्य घडवले.

जे टिकले

गूल्ड यांनी अखेरच्या काळात दुसऱ्या कंपनीचा पियानो घेतला. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचे १९८१ चे मुद्रण यामाहा पियानोवर आहे. ४ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नाशी नुकतीच पूर्ण झाली असताना, त्यांचे निधन झाले. एडक्विस्ट त्यांच्यामागे जवळजवळ अडतीस वर्षे जगले. सीडी ३१८ आज ओटावा येथील नॅशनल आर्ट्स सेंटरमध्ये आहे. त्यावर एडक्विस्ट यांनी केलेल्या जुळवणीपैकी आता काहीच शिल्लक नाही; इतक्या वर्षांच्या ऋतूंनी ती केव्हाच पुसून टाकली. ईटन सभागृहातील त्या रात्रींत लावलेले सूर मात्र ध्वनिमुद्रणांत जसेच्या तसे आहेत. इंग्लिश स्वीट्स ऐकताना तीन तारांचा जो एक स्वच्छ सूर कानी पडतो, तो वाजवला आहे गूल्ड यांनी आणि लावला आहे व्हर्न एडक्विस्ट यांनी.